रोद्रिगो म्हणजे नुसता तो अदाजिओ नव्हे

सहावी_तार

नमस्कार मंडळी. इथे बीथोवन-मोझार्टवर धागे येऊन गेलेत, स्पेनच्या वाट्याला मात्र कुणी जात नाही, म्हणून हा धागा. होआकिन रोद्रिगो. नाव ऐकलं नसेल तरी त्याची एक धून तुमच्या कानावरून गेलेली असणारच, हॉटेलच्या लॉबीत, लिफ्टमधे, कुणाच्या तरी रिंगटोनवर. गिटार संथपणे कॉर्ड (एकत्र वाजणारे अनेक सूर) छेडत राहते आणि तिच्यावर एक वाद्य रडवेला सूर लावतं, तीच ती. 'कोन्सिएर्तो दे आरान्हुएझ' या कॉन्चेर्तोचा (म्हणजे एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला, इथे ते वाद्य गिटार) मधला संथ भाग, अदाजिओ. माझी तक्रार एवढीच की लोक ती दहा-अकरा मिनिटं ऐकतात, डोळे पुसतात आणि उठून जातात. आधीचा भाग नाही, नंतरचा नाही, आणि त्यानंतर हा माणूस जवळपास साठ वर्षं जगला त्यात त्याने काय केलं ते तर नाहीच नाही. रोद्रिगो मुळात मिश्कील संगीतकार आहे असं माझं स्पष्ट मत आहे आणि आपण त्याला कायमचं सुतकात बसवून ठेवलंय.

आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म २२ नोव्हेंबर १९०१, व्हॅलेन्सियाजवळचं सागुन्तो गाव. हा संत सिसिलियाचा दिवस, तिकडे ती संगीताची आश्रयदाती, पुढे याने मुलीचं नाव सिसिलियाच ठेवलं. तीन वर्षांचा असताना घटसर्प झाला आणि त्यात दृष्टी गेली. आठव्या वर्षी पियानो आणि व्हायोलिन, सोळाव्या वर्षापासून हार्मनी आणि रचनेचं शिक्षण. घरच्यांनी राफाएल इबान्येझ नावाचा माणूस सोबतीला ठेवला होता, तो याला पुस्तकं वाचून दाखवायचा, याचं संगीत कागदावर उतरवायचा. १९२७ मधे पॅरिसला पॉल द्युकाकडे शिकायला गेला (मिकी माऊस जादूच्या झाडूकडून पाणी भरून घेतो, तिथलं संगीत या द्युकाचं). १९२८ मधे मान्वेल दे फाया या नामवंत स्पॅनिश संगीतकाराला पॅरिसमधे फ्रेंच सरकारचा मोठा सन्मान मिळाला तेव्हा फायाने आग्रह धरला की कार्यक्रमात तरुण स्पॅनिश मंडळींच्या रचनाही वाजल्या पाहिजेत, आणि रोद्रिगो स्वतः पियानोवर बसला. तिथून लोक ओळखायला लागले.

पॅरिसमधेच व्हिक्टोरिया कामी भेटली. इस्तंबूलची, पियानिस्ट, १४९२ मधे स्पेनमधून हाकलून दिलेल्या ज्यूंच्या वंशातली. १९ जानेवारी १९३३ ला व्हॅलेन्सियात लग्न. पैसे नव्हते, इतके नव्हते की काही काळ दोघांना वेगवेगळं राहावं लागलं, त्या विरहात याने सेंट जॉन ऑफ द क्रॉस या स्पॅनिश संतकवीच्या कवितेवर 'कान्तिको दे ला एस्पोसा' हे गाणं लिहून बायकोला अर्पण केलं. १९३४ मधे शिष्यवृत्ती मिळाली, परत पॅरिस. १९३६ ला स्पेनमधे यादवी युद्ध पेटलं तेव्हा ही दोघं जर्मनीत होती, शिष्यवृत्ती बंद, देशात परतायची सोय नाही. फ्रायबुर्गच्या अंधशाळेत राहायला जागा मिळाली, तिथे स्पॅनिश आणि संगीताच्या शिकवण्या करून दिवस काढले. हिटलरच्या जर्मनीत एक आंधळा परदेशी संगीतकार आणि त्याची ज्यू बायको, विचार करा.

१९३८ च्या सप्टेंबरात सान सेबास्तियानला एक जेवण झालं. रेहिनो साइन्झ दे ला माझा हा गिटारिस्ट आणि बोलार्केचा मार्कीस (सरदार) टेबलावर होते. गिटारिस्ट म्हणाला, पॅरिसहून येताना माझ्यासाठी गिटार कॉन्चेर्तो घेऊन ये. वाइन चांगली होती, याने हो म्हटलं. पॅरिसमधे लॅटिन क्वार्टरमधल्या घरी १९३९ च्या सुरुवातीला तो लिहून झाला, दुसरं महायुद्ध भडकण्याच्या अगदी तोंडावर नवरा-बायको ती बाडं घेऊन स्पेनला परतले. पहिला प्रयोग ९ नोव्हेंबर १९४०, बार्सेलोना. बाकी आता चर्चेत.

निशिगंध

वाचनखूण साठवली. मस्त लिहिलंय तारबुवा. एक बेसिक शंका आहे, हसू नका. जन्मभर दिसत नसलेला माणूस अख्ख्या ऑर्केस्ट्राचं संगीत लिहितो म्हणजे नेमकं काय करतो? गाणं डोक्यात असणं समजू शकते पण वीस वाद्यांचे वेगवेगळे कागद?

ठिपका

निशिगंध, हसायचं कशाला, हाच खरा प्रश्न आहे. मी दृष्टिहीन मुलांना शिकवते त्यामुळे यावर जरा पाल्हाळ लावणार आहे, चालवून घ्या.

ब्रेलमधे सहा ठिपके असतात हे सगळ्यांना माहीत असतं, डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. आपल्या भारती ब्रेलमधेही हेच सहा. संगीतासाठीची पद्धत खुद्द लुई ब्रेलने बसवली, तो स्वतः ऑर्गन वाजवायचा. तिच्यात वरचे चार ठिपके सूर कोणता ते सांगतात आणि खालचे दोन, म्हणजे ३ आणि ६, तो किती वेळ धरायचा ते सांगतात. इंग्रजी डी अक्षराची खूण म्हणजे त्यांचा सी हा सूर, ई ची खूण म्हणजे डी, असं जे पर्यंत सात अक्षरांत सात सूर संपतात. खाली काहीच नसेल तर अर्ध्या मात्रेचा सूर, ६ जोडला की एक मात्रा, ३ जोडला की दोन, दोन्ही जोडले की चार. आणि कहर म्हणजे चार मात्रांच्या सुराची आणि पाव मात्रेच्या सुराची खूण एकच आहे! त्या ओळीत एकूण मात्रा किती बसतायत ते बघून वाचणाऱ्याने ठरवायचं.

यात पाच रेषा नाहीत. उभं असं काहीच नाही. कॉर्ड लिहायची तर एक सूर पूर्ण लिहायचा आणि बाकीचे त्याच्यापासून किती अंतरावर आहेत त्याच्या वेगळ्या खुणा. डोळस कंडक्टर छापील पान एका नजरेत उभं बघतो, वर बासरी, खाली डबल बास, कोण कुणाच्या डोक्यावर बसलंय ते लगेच दिसतं. बोटाखाली मात्र एका वेळी एकच खूण येते. म्हणजे रोद्रिगोला बासरीची ओळ वाचताना खाली चेलो काय करतोय ते सगळं लक्षातच ठेवावं लागत होतं.

तो ब्रेल मशिनवर लिहायचा, शेजारी पियानो. मग लेखनिकाला तोंडी सांगायचं, कुठलं वाद्य, कुठला सप्तक, कुठला सूर, किती मात्रा, जोरात की हलका, जोडून की तोडून, असं एकेक. आरान्हुएझमधल्या त्या झपाझप वर जाणाऱ्या ताना आठवा आणि त्या सूर-सूर करून डिक्टेट करायच्या म्हणजे काय ते बघा. मग ते उतरवलेलं व्हिक्टोरिया पियानोवर वाजवून दाखवायची आणि हा चुका काढायचा. तिने स्वतःचं मैफलीचं करिअर जवळजवळ सोडलं ते यासाठी. तारबुवांच्या लेखात ती नुसती 'बायको' म्हणून येऊन गेली, तेवढं मला खटकलं.

सहावी_तार

ठिपकाताई, प्रतिसादावर वेगळा धागा काढा. व्हिक्टोरियाबद्दल एकदम मान्य. 'फान्तासिया पारा उन खेन्तिलओम्ब्रे' (एका सद्गृहस्थासाठी फान्तासिया) या त्याच्या गिटार-ऑर्केस्ट्राच्या रचनेसाठी गास्पार सान्झच्या सतराव्या शतकातल्या गिटारच्या पुस्तकातून कुठले नाच घ्यायचे ते तिनेच निवडलं होतं, रोद्रिगोने ते तसं सांगितलेलंही आहे. त्याच्या काही गाण्यांचे शब्दही तिचे आहेत.

खर्जातला_मध्यम

अदाजिओ मला तर थेट कीरवाणी वाटतो. संतूरवर वाजवला तर लोक राग विचारतील. स्पॅनिश संगीतात अरबी अंश आहे आणि तिथून आपल्याकडचा धागा जुळतो असं वाचलंय.

सहावी_तार

मध्यमराव, कीरवाणीत निषाद शुद्ध. इथे पहिलीच लकेर बघा, बी ला षड्ज धरा: सा, खाली नि, परत सा, मग रे ग रे सा असं वळण. तो खालचा नि कोमल आहे. ग-ध-नि कोमल म्हणजे थाट म्हणाल तर आसावरीच्या जवळपास. पण तेही फार ताणू नका कारण खाली कॉर्ड सरकत जातात आणि काही वेळाने षड्जच उठून दुसरीकडे जाऊन बसतो, रागाचं घर तिथेच मोडतं. आणि अगदी शेवटी तो बी मेजरमधे संपतो, म्हणजे शुद्ध गंधार लावून! रडगाणं समजून ऐकणाऱ्यांना हे जाणवत नाही.

त्या हरकती आहेत ना, सूर थरथरवत ठेवणं, छोट्या मुरक्या, त्यांचं मूळ बहुतेक जण अँडालुसियातल्या सएतामधे सांगतात. पवित्र आठवड्यात मिरवणूक थांबते आणि कुणीतरी बाल्कनीतून मूर्तीकडे बघून साथीशिवाय एक आर्त गाणं म्हणतं, ती सएता. रोद्रिगो गावाने व्हॅलेन्सियाचा, अँडालुसियाचा नव्हेच.

आणि ज्याला सगळे 'ओबो' म्हणतात तो ओबो नाही, कोर आंग्ले आहे, ओबोचा मोठा भाऊ, आवाज जरा घोगरा. गिटारच्या आधी धून त्याला दिलीय. गिटार कॉन्चेर्तोतली सगळ्यात गाजलेली धून पहिल्यांदा गिटार वाजवतच नाही, ती नुसती कॉर्ड धरून साथ करत असते.

गिटारगिरी

आता गिटारवाल्यांच्या बाजूने एक गाऱ्हाणं. रोद्रिगोला गिटार वाजवता येत नव्हती!! पियानोचा माणूस. त्यामुळे हे संगीत हातात बसत नाही. साधारण गिटारवाला संगीतकार लिहितो तेव्हा उघड्या तारा कुठे मिळतील, डावा हात कुठे सरकेल याचा विचार करून लिहितो, हा काही तसलं बघत नाही, त्याच्या कानाला हवं ते लिहितो आणि मग आम्ही बसतो बोटं मोडत. तिसऱ्या भागात तर डाव्या हाताची चार बोटं चार दिशांना. कॉलेजात असताना एका शिक्षकांनी मला हा कॉन्चेर्तो द्यायला साफ नकार दिला होता, वर म्हणाले आधी सान्झ नीट वाजव. तेव्हा राग आला होता, आता कळतं.

पण त्याच कारणामुळे तो इतका वेगळा वाजतो. पहिल्या भागाची सुरुवात ऐका. ऑर्केस्ट्रा गप्प, खाली नुसता बासचा एक सूर धरलेला, आणि गिटार एकटी रास्गेआदो करते, म्हणजे नखं उलटी फिरवून सगळ्या तारा एकदम. बहुतेक विद्यार्थी तिथे जोरात मारतात, आणि कागदावर लिहिलंय एकदम हळू. लांबून कुणीतरी नाचत येतंय असं वाटलं पाहिजे. आणि लय, सहा मात्रा, पण कधी तीन-तीन आणि कधी दोन-दोन-दोन. पायाने ताल धरला की हमखास चुकतो. तिसऱ्या भागात दोनचे आणि तीनचे गट सारखे अदलाबदल होत राहतात, त्यात आणखी खोडी म्हणजे गिटार भलत्याच सुरात, बी मेजरमधे सुरू करते आणि मागाहून ऑर्केस्ट्रा डी मेजर घेऊन येतो, जणू म्हणतो अहो बाई, आपलं घर इकडे आहे. तारबुवांच्या 'मिश्कील' या शब्दाला माझं +१ ते यासाठी.

चष्मिष्ट

पण गिटारचा आवाज तो केवढा आणि समोर एवढा ऑर्केस्ट्रा. माइक लावतात ना? मग कसलं शास्त्रीय.

गिटारगिरी

आता बहुतेक ठिकाणी लावतात, मोठ्या हॉलमधे इलाज नाही. पण रोद्रिगोने लिहिताना ही काळजी घेतलेली आहे. ऑर्केस्ट्रा मुळात लहान ठेवला, ट्रॉम्बोन नाहीत, ड्रम-नगारे नाहीत. आणि गिटार बोलत असते तेव्हा बाकीचे जवळजवळ गप्प, एखादी बासरी, एखादा चेलो, तंतुवाद्यं नुसती बोटांनी टिचकी मारून. सगळे मिळून तुटून पडतात ते गिटार थांबल्यावर. अदाजिओत गिटारचा लांब एकटीचा भाग चढत चढत जातो, कॉर्डांचा मारा होतो, आणि ती थांबल्यावरच अख्खा ऑर्केस्ट्रा ती धून घेऊन येतो. तेव्हा गिटार एक सूरही वाजवत नाही. हा हिशोब भल्या भल्या गिटारवाल्यांना जमलेला नाही.

वरणफळ

मी असं ऐकलंय की अदाजिओ म्हणजे यादवी युद्धात गेर्निका गावावर झालेल्या बॉम्बहल्ल्याचा शोक आहे. पिकासोचं चित्र आणि ही धून अशी जोडी सांगतात.

सहावी_तार

ही गोष्ट बरीच वर्षं चालली. व्हिक्टोरियाने पुढे आत्मचरित्रात लिहिलं तेव्हा खरं बाहेर आलं. लग्नानंतर दोघं आरान्हुएझच्या बागांत फिरायला गेली होती ती आठवण त्यात आहे, आणि त्यांचं पहिलं मूल पोटातच गेलं त्याचं दुःखही. ती स्वतः दवाखान्यात होती आणि हा घरी एकटा. त्या दोघांनी ही गोष्ट किती वर्षं कुणाला सांगितली नाही बघा. सिसिलिया जन्मली १९४१ च्या जानेवारीत, म्हणजे बार्सेलोनाच्या प्रयोगानंतर तीनेक महिन्यांनी.

आणि बागेबद्दल तो स्वतः बोलायचा ते मॅग्नोलियाचा वास, पक्ष्यांचा आवाज, कारंज्यांचं पाणी. त्यात एकही बघायची गोष्ट नाही.

माद्रिदची_मावशी

नावावरून ओळखलंच असेल, नोकरीनिमित्त इकडे बरीच वर्षं. आरान्हुएझ माद्रिदच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटर, लोकल ट्रेन जाते. हा रेल्वेमार्ग १८५१ चा, स्पेनमधल्या सगळ्यात जुन्यांपैकी. इथल्या स्ट्रॉबेऱ्या प्रसिद्ध, सीझनमधे जुन्या डब्यांची 'स्ट्रॉबेरी ट्रेन' सोडतात, त्यात जुन्या काळच्या पोशाखातल्या मुली डब्यात येऊन स्ट्रॉबेऱ्या वाटतात, पर्यटकांची चंगळ. राजवाडा फेलिपे दुसऱ्याने सुरू केला, पुढच्या राजांनी वाढवला. कॉन्चेर्तोत रोद्रिगोच्या मनात होता तो त्यातला अठराव्या शतकाच्या शेवटचा दरबार, गोयाच्या चित्रातला काळ. २००१ मधे हा सगळा परिसर युनेस्कोच्या यादीत गेला.

बागेत गेलात तर दुपारी दोन-तीनला जाऊ नका, उन्हाळ्यात माद्रिदचं ऊन नागपूरची आठवण करून देतं. सकाळी जा. नदीकाठच्या भागात खरंच आधी पाणी ऐकू येतं, मग दिसतं. गावच्या दफनभूमीत रोद्रिगो आणि व्हिक्टोरिया शेजारी शेजारी आहेत. ती १९९७ मधे गेली, तो ६ जुलै १९९९ ला, ९७ वर्षांचा होऊन.

आणखी एक गंमत, १९९१ च्या डिसेंबरात राजा हुआन कार्लोसने त्याला 'आरान्हुएझच्या बागांचा मार्कीस' केलं. एका गाण्यामुळे सरदारकी, तीही बागांची!

फोंड्याचो_बाब

मावशी, आरान्हुएझची ती नदी म्हणजे ताहो ना? तीच पुढे पोर्तुगालमधे तेजो होऊन लिस्बनला समुद्राला मिळते. आमच्याकडे गोव्यात पोर्तुगीज आले ते त्याच नदीच्या मुखातून जहाजात बसून आले. अवांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही. गोव्यात जुन्या घरांत अजून गिटार, मांडोलिन भिंतीवर दिसतात, पण रोद्रिगो वाजवणारा मला तरी कुणी भेटला नाही, सगळे फाडो (पोर्तुगीज गाणी) नाहीतर मांडो (गोव्याची गाणी).

उलटतपासणी

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

पहिलं, १९३९ नंतर स्पेनमधे कोण परतू शकत होतं आणि कोण नाही ते बघा. फाया त्याच वर्षी अर्जेंटिनाला निघून गेला आणि १९४६ मधे तिथेच वारला. चेलोवादक कसाल्स फ्रान्समधे राहिला, हुकूमशहा फ्रँको आहे तोवर परतणार नाही म्हणाला आणि राहायला परत आलाच नाही. संगीतकार रोबेर्तो गेर्हार्ड इंग्लंडमधे केंब्रिजला. बुर्गोसचा आन्तोनिओ होसे, ज्याचा १९३३ चा गिटार सोनाटा आज जगभर वाजतो, त्याला १९३६ मधे गोळ्या घालून मारलं, वय ३३. आणि रोद्रिगो? परत आला, रेडिओत काम मिळालं, अंधांच्या राष्ट्रीय संस्थेत कलाविभाग मिळाला, १९४७ पासून माद्रिदच्या विद्यापीठात फायाच्या नावाचं अध्यासन. त्या राजवटीला असंच संगीत हवं होतं, राजे, बागा, कारंजी, जुनं वैभव, प्रश्न विचारायचे नाहीत. तो फॅसिस्ट होता असं मी म्हणत नाहीये. पण युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात १९४० साली अठराव्या शतकातल्या दरबाराची स्वप्नं विकणं निरागस होतं असं कुणी म्हणू नये.

दुसरं, संगीत म्हणूनसुद्धा. जगात शोएनबर्ग, बार्टोक, स्ट्राविन्स्की यांच्यासारखे जुन्या चौकटी मोडणारे होऊन गेले आणि हा गृहस्थ सान्झच्या नाचांना रंग देत बसलाय. एक धून जमली, त्यावर आयुष्य.

सहावी_तार

पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी भांडणार नाही, आन्तोनिओ होसेचं नाव काढलंत हे फार बरं केलंत, तो सोनाटा सगळ्यांनी ऐकावा. फक्त परतण्याबद्दल एक. १९३९ मधे त्याच्यासमोर पर्याय काय होते? पॅरिसमधे पैसा नाही, बायको ज्यू, आणि वर्षभरात पॅरिसमधे जर्मन फौजा येणार होत्या. कसाल्सकडे जगभर नाव होतं, याच्याकडे एक बाड. राजवटीला तो सोयीचा होता हे खरं, पण सोयीचा असणं आणि तिच्यासाठी लिहिणं यात अंतर आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र साफ असहमत. 'एक धून' हेच तर मी पहिल्यापासून खोडून काढतोय. १९६१ चं 'इन्व्होकासिओन इ दान्सा' ऐका, फायाच्या स्मृतीसाठी लिहिलेलं, एकट्या गिटारवर. सुरुवातीला नुसते हार्मोनिक्स (तारेला हलका स्पर्श करून काढलेले घंटेसारखे सूर), सूर हवेत तरंगतायत की काय असं, आणि मग फायाच्या रचनांचे तुकडे मधेच डोकावून जातात. फ्रेंच रेडिओच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. त्यात कसलं दरबारी वैभव नाही, चांगलंच अंधारं संगीत आहे. १९५४ च्या 'त्रेस पिएझास एस्पान्योलास'मधली पासाकाल्या ऐका, कॉर्ड इतक्या करकरीत आहेत की पहिल्यांदा ऐकताना वाजवणारा चुकला असं वाटतं. त्याला शेजारचे दोन सूर एकमेकांवर आपटवायची खोड आहे, सरळ चाल चाललेली असते आणि मधेच एक वाकडा सूर, खडा लागल्यासारखा. ते मुद्दाम आहे.

आणि नुसती गिटार नव्हे. हार्पसाठी निकानोर साबालेताकरता कॉन्चेर्तो, जेम्स गॉलवेकरता बासरीचा, ज्युलियन लॉइड वेबरकरता चेलोचा, ही शेवटची दोन त्याच्या सत्तरी-ऐंशीतली. बासरीच्या कॉन्चेर्तोच्या पहिल्या भागात गॉलवेसारख्यालाही घाम फुटेल असं लिहून ठेवलंय. गुरू द्युका गेला तेव्हा पियानोसाठी 'सोनादा दे आदिओस' लिहिली. सर्व्हान्तेसच्या चारशेव्या जयंतीच्या स्पर्धेसाठी 'आउसेन्सियास दे दुल्सिनेआ', त्यात डॉन किहोतेसाठी एक बास (पुरुषाचा खर्जाचा आवाज) आणि दुल्सिनेआसाठी चार सोप्रानो (बायकांचा उंच आवाज)! एका काल्पनिक बाईला चार आवाज.

निशिगंध

गिटारिस्ट सेगोव्हियाबद्दल कुणी लिहिलं नाही? गिटार म्हटलं की तोच आठवतो.

गिटारगिरी

कारण आरान्हुएझ त्याने कधी वाजवलीच नाही. दुसऱ्या गिटारिस्टसाठी लिहिलेली, पहिला प्रयोग दुसऱ्याचा, आणि साहेबांचा अहंकार मोठा. मग रोद्रिगोने १९५४ मधे त्याच्यासाठी ती 'फान्तासिया' लिहिली, सान फ्रान्सिस्कोत १९५८ मधे पहिला प्रयोग, रोद्रिगो-व्हिक्टोरिया दोघं हजर. नावातला सद्गृहस्थ म्हणजे सान्झ की सेगोव्हिया, तुम्हीच ठरवा. शेवटचा 'कानारिओस' तर हमखास टाळ्या घेणारा.

आरान्हुएझ लोकांपर्यंत नेली गिटारिस्ट नार्सिसो येपेसने. १९४७ मधे माद्रिदला कंडक्टर आताउल्फो आर्जेन्ताबरोबर वाजवली तेव्हा विशीतला पोरगा होता. नंतर ब्रीम, जॉन विल्यम्स, पेपे रोमेरो. रोमेरोंच्या घरात बाप आणि तीन मुलगे सगळेच गिटारिस्ट, त्यांच्यासाठी चार गिटारींचा 'कोन्सिएर्तो आन्दालुस' १९६७ चा.

आणि पाको दे लुसिया. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती, फ्लामेंकोवाला (अँडालुसियाचं लोकसंगीत), तरी १९९१ मधे त्याने आरान्हुएझ बसवली आणि रोद्रिगो समोर बसलेला असताना वाजवली. शास्त्रीयवाले नाकं मुरडतात, टोन कोरडा आहे म्हणून. पण पहिल्या भागातली ती तीन-तीन दोन-दोनची लय त्याच्यासारखी कुणीच वाजवत नाही, कारण ती त्याला मोजावी लागत नाही.

चष्मिष्ट

मी रोद्रिगोकडे जॅझवाल्या माइल्स डेव्हिसवरून आलो, १९६० चा 'स्केचेस ऑफ स्पेन'. त्यात गिटार अजिबात नाही, धून फ्लूगलहॉर्नवर (ट्रम्पेटसारखं, पण मऊ आवाजाचं वाद्य), गिल एव्हान्सची मांडणी. चिक कोरियाच्या 'स्पेन'ची सुरुवातही तीच. रोद्रिगोला माइल्सचं काम आवडलं नव्हतं म्हणतात, मला मात्र मूळ ऐकल्यावरही माइल्सच जास्त आवडतो. फटके मारा आता.

खर्जातला_मध्यम

फटके नाहीत, पण चष्मिष्टसाहेब, माइल्सने फक्त अदाजिओ उचलला, म्हणजे तारबुवांच्या मूळ तक्रारीत तोही आला की. साठच्या दशकात त्याला शब्द लावून फ्रेंचमधे गाणं केलं तेही याच धुनीवर. पहिल्या आणि तिसऱ्या भागाला कुणी शब्द लावत बसत नाही कारण ते गाता येत नाहीत, त्यावर पाय हलतो.

काल रात्री तिन्ही भाग सलग ऐकले, मधे फोन बाजूला ठेवून. तिसरा भाग संपतो तो बिनबोभाट, मोठा शेवट येणार असं वाटत असतानाच गिटार वरून खाली उतरते आणि खलास. आपल्याकडे द्रुत म्हणजे तिहाई घेऊन समेवर आदळायचंच, इथे गडी हसून निघून गेला.

निशिगंध

मग कुठून सुरुवात करू? सगळं एकदम नको.

सहावी_तार

आरान्हुएझचा पहिला भाग. मग 'एन लोस त्रिगालेस', साडेतीन-चार मिनिटांचं, गव्हाच्या शेतातलं, १९३८ चं. मग 'फान्तासिया'. एवढं आवडलं तर 'सराबान्दा लेखाना', हे त्याचं गिटारसाठीचं पहिलं, १९२६ चं, आरान्हुएझच्या बरंच आधीचं. अदाजिओ सगळ्यात शेवटी ऐका, कृपया.

ठिपका

आणि 'क्वात्रो माद्रिगालेस आमातोरिओस'मधलं 'दे लोस आलामोस व्हेन्गो, माद्रे' विसरू नका. जुन्या स्पॅनिश ओळी आहेत, मुलगी आईला सांगतेय की पॉपलरची पानं वाऱ्याने हलताना बघून आले. खाली पियानो सतत तुटक टिपटिप करत राहतो. आमच्या वर्गातली मुलं ते लावलं की टेबलावर बोटं आपटायला लागतात. तारबुवांचा मुद्दा त्यांना न सांगता पटलेला आहे.

उलटतपासणी

'आउसेन्सियास' ऐकलं. चार सोप्रानो उत्तम, बास जरा फार गंभीर. 'इन्व्होकासिओन' दोनदा ऐकलं. फ्रँकोबद्दलचं मत कायम आहे.